ज्येष्ठ निवास वाढवताना आधी अंतरं मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या पुढच्या भागात एका न्यासाचं ज्येष्ठ निवास आहे. तळमजला अधिक दोन मजले, 54 खोल्या, राहणारे 68 ते 91 वयाचे. शेजारचा नाल्याकडे उतरता भूखंड न्यासाला मिळाला आहे. तिथे तळमजला अधिक तीन मजल्यांची नवी इमारत बांधायची आहे, 40 खोल्या आणि 12 खाटांचा शुश्रूषा विभाग. आर्किटेक्टनी प्राथमिक नकाशे दिले आहेत आणि कार्यकारिणीची बैठक जवळ आली आहे. बैठकीत नेमकं काय तपासायचं, कशाचा आग्रह धरायचा आणि दुसऱ्या लिफ्टचा खर्च खरंच करावा लागेल का, असं सचिवांनी विचारलं आहे.

नकाशे नीट पाहिले. खोल्या ऐसपैस आहेत, प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी आहे, मधल्या पॅसेजला दोन्ही टोकांनी उजेड आहे. काम मन लावून केलेलं दिसतं. मला काळजी वाटते ती खोल्यांच्या बाहेरची. विस्तारात 40 खोल्या वाढतात हे सगळ्यांना दिसतं. त्याच वेळी जेवणघर, देवघर, डॉक्टरांची खोली, अंगण आणि गेट प्रत्येकापासून थोडं थोडं लांब जातं, आणि ते नकाशात कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून क्षेत्रफळाचा तक्ता शेवटी उघडा. आधी पट्टी घ्या आणि चार अंतरं मोजा: पलंगापासून कमोडपर्यंत, खोलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत, रात्रपाळीच्या मावशींपासून शेवटच्या दारापर्यंत, आणि अँब्युलन्सपासून आजारी माणसाच्या खाटेपर्यंत. ही बरोबर असली की बाकीच्या त्रुटी पुढे सुधारता येतात. ही चुकली तर भिंती पाडल्याशिवाय सुधारत नाहीत.

पहिल्या अंतरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पासष्टी ओलांडलेल्यांपैकी 28 ते 35 टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात. आपल्याकडच्या निवासांत कुठल्याही सिस्टरला विचारा, पडण्याची वेळ आणि जागा ती लगेच सांगेल: रात्री दोन ते पाचच्या दरम्यान, लघवीला उठल्यावर, बाथरूमच्या दारात. तुमच्या नकाशात पलंग खिडकीशी आणि बाथरूम खोलीच्या मुख्य दाराशी आहे. मध्ये साडेचार मीटरचं अंतर आणि कपाटाचा एक कोपरा. उशीवर डोकं ठेवून पाहिलं तर बाथरूमचं दार दिसतच नाही. अर्धवट झोपेत, चष्म्याशिवाय, माणूस ते दार शोधणार. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या माणसाला दार आणि आतला कमोड नजरेला पडला तर तिकडे जायचं सुचतं, नाही तर तो चुकून पॅसेजमध्ये निघून जातो. उपाय फार खर्चिक नाही. बाथरूमचं दार खोलीच्या बाजूला वळवा, कपाट समोरच्या भिंतीला न्या आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत एका हाताला सलग आधार राहील असं पाहा. भिंतीवरची दांडी, मग कपाटाची कडा, मग दाराची चौकट, असा हात सुटता कामा नये.

आता बाथरूमच्या आत या. नकाशात आतली पातळी खोलीपेक्षा 50 मिमी खाली दाखवली आहे आणि दारात उंबरठा आहे. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपल्याकडे हे सवयीनं केलं जातं. पण वॉकरची चाकं तिथेच अडतात आणि पाय उचलताना तोल जातो तोही तिथेच. खोली आणि बाथरूम एकाच पातळीत ठेवायचं तर बाथरूमखालचा स्लॅब मुळातच खाली घ्यावा लागतो, म्हणजे पाइप आणि उतार त्या खोलगट भागात बसतात आणि वरची लादी खोलीशी सपाट राहते. हा निर्णय आरसीसीच्या, म्हणजे काँक्रीटच्या सांगाड्याच्या, नकाशांआधीच व्हायला हवा. स्लॅब पडल्यावर कुणालाही काही करता येत नाही. पाणी अडवायला दाराशी लांबट जाळीचा चर द्या आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याचं फरशीतलं तोंड, अंघोळीच्या जागेच्या मागच्या कोपऱ्यात ठेवा. कमोड आणि दार यांच्यामधली वाट कोरडी राहिली पाहिजे.

अंघोळीची पद्धतही लक्षात घ्या. तुमच्या नकाशात शॉवरची काचेची खोली आहे. इथे राहणारी बहुतेक मंडळी स्टुलावर बसून बादली आणि तांब्यानं अंघोळ करतात, आणि ती सवय सोडायला लावण्याचं काही कारण नाही. मग रचना त्या पद्धतीची करा. भिंतीला पक्कं बसवलेलं, दुमडता येणारं आसन, कमोडच्याच उंचीचं, म्हणजे 450 ते 480 मिमी. शेजारी बादलीसाठी फूटभर उंच ओटा, म्हणजे तांब्या भरायला कमरेत वाकावं लागणार नाही. नळ बसल्या हाताला येईल असा. ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायची भिंतीवरची दांडी, आसनावरून उठताना जिथे हात जातो तिथे. काचेचं पार्टिशन पूर्ण काढून टाका. त्यानं चाकाच्या खुर्चीची वळायची जागा खाल्ली आहे, तिला दीड मीटरचा मोकळा गोल लागतो.

ग्रॅब बारबद्दल एक गोष्ट बैठकीच्या इतिवृत्तात लिहूनच घ्या. आतल्या भिंती 100 मिमीच्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या दाखवल्या आहेत. त्या ब्लॉकमध्ये साधा स्क्रू आणि प्लग माणसाचं वजन झटक्यानं आलं की निघून येतो. अशी भिंतीतून उपटलेली दांडी मी नाशिक परिसरातल्याच एका निवासात पाहिली आहे. ती हातात घेऊन आजोबा खाली पडले होते आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. बाथरूमच्या भिंतीत कमरेच्या उंचीला काँक्रीटचा सलग पट्टा टाकायला सांगा. आज दांडी कुठे लागेल ते ठरलं नसलं तरी पट्टा असू द्या. पाच वर्षांनी त्या खोलीत अर्धांगवायू झालेलं कुणी आलं तर दांडी डावीकडून उजवीकडे नेता येईल.

दार आत उघडणारं आहे, ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत पडलेल्या माणसाचं शरीर दाराला अडलं की आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडता आली पाहिजे. आणि रुंदी. दारांच्या तक्त्यात बाथरूमचं दार 750 लिहिलं आहे. महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणानं, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आणली त्यांत दाराची मोकळी रुंदी किमान 900 मिमी मागितली आहे. मोकळी म्हणजे पल्ला पूर्ण उघडल्यावर उरणारी. चौकट आणि पल्ल्याची जाडी वजा जाते, त्यामुळे 900 ची चौकट सांगितली तर हातात 800 च्या आसपासच पडतं. तुमचा प्रकल्प विक्रीचा नसला तरी हीच मापं धरा. आपल्या राज्यात या विषयावर लिहिलेलं हे सगळ्यात उपयोगी कागदपत्र आहे.

उजेडाचं थोडक्यात सांगते. साठीतल्या डोळ्याच्या आतपर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून दिवे जास्त हवेत, पण चकचकीत लादीवर ते परावर्तित झाले तर फरशी ओली भासते आणि माणूस दचकून पाऊल टाकतो. खोलीत आणि पॅसेजमध्ये पॉलिशच्या व्हिट्रिफाइड टाइल आहेत, त्या मॅट करा. पांढऱ्या भिंतीवर पांढरा कमोड आणि स्टीलची दांडी दिसत नाही. मागची भिंत गडद करा. पलंगाखाली पिवळसर मंद दिवा, पाय खाली टेकताच लागणारा. दारात काळी पायपुसणी नको, क्षीण नजरेला तो खड्डा वाटतो.

थंडीचा मुद्दा नाशिककरांना सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. सोलरचं गरम पाणी गच्चीवरच्या टाकीपासून तळमजल्यापर्यंत येईतो दोन बादल्या थंड पाणी वाहून जातं आणि तोवर माणूस कुडकुडत बसतो. गरम पाण्याच्या लाइनला आवरण घाला आणि पाणी फिरतं ठेवणारा छोटा पंप लावा. पाण्याचं तापमान मर्यादित ठेवणारा मिक्सरही हवा, मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांना चटका कळत नाही. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कुठल्याही परिस्थितीत नको.

दुसरं अंतर जेवणघराचं. जुन्या जेवणघराची भिंत आणि नव्या इमारतीची भिंत यांत सरळ रेषेत जेमतेम 20 मीटर आहेत. पण नव्या इमारतीचं दार रस्त्याच्या बाजूला आहे, त्यामुळे जुन्या जेवणघरात जायला माणसाला पार्किंगला वळसा घालून साधारण 60 मीटर चालावं लागेल. धडधाकट माणसाला हे मिनिटभराचं काम. वॉकर घेऊन, मध्ये दोनदा थांबत, दिवसातून चार वेळा जाऊन येणं म्हणजे पावणेपाचशे मीटर. असा माणूस काही दिवसांनी म्हणतो, ‘माझं ताट खोलीतच पाठवा.’ मग तो भजनाला येत नाही, कॅरमला येत नाही, आणि सहा महिन्यांत त्याचं चालणंच थांबतं. दार जेवणघराच्या बाजूला आणा. रस्त्याकडचं प्रवेशद्वार पाहुण्यांसाठी राहू दे, पण राहणाऱ्यांचं रोजचं दार अंगणात उघडलं पाहिजे.

त्या वाटेवर 1.2 मीटरचा चढ आहे, कारण नवीन भूखंड नाल्याकडे उतरतो आणि नवं जोतं खालीच ठेवलं आहे. आर्किटेक्टनी 1:12 चा रॅम्प दाखवला आहे. नियमात तो बसतो, पण ती कमाल मर्यादा आहे. ऐंशीच्या पुढच्या माणसाला तो दमवतो आणि उतरताना जास्त घाबरवतो. 1:20 चा उतार केला तर 24 मीटर लांबी लागते, शिवाय मधले टप्पे. पावसात, वाऱ्यात, रोज. त्यापेक्षा नवं जोतंच 1.2 मीटर वर उचला आणि दोन्ही इमारती एका पातळीत आणा. चढ मग रस्त्याकडच्या बाजूला जाईल, जिथे गाड्या चढतील. भरावाचा खर्च वाढेल हे मान्य. पण याच एका निर्णयानं पुराचा प्रश्नही हलका होतो.

पुराचं म्हणण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. 2008, 2016 आणि 2019 मध्ये गोदावरीला आलेले पूर आपण पाहिले. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर शहर पुराचा अंदाज घेतं, पण नदी फुगली की नाले मागे तुंबतात आणि पाणी अनपेक्षित ठिकाणी शिरतं. भूखंडालगतच्या नाल्यावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते याचा अधिकृत नकाशा जलसंपदा विभागाकडून किंवा महापालिकेकडून घेऊन तो तुमच्या साइट प्लॅनवर चढवायला सांगा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. जनरेटर, मुख्य विजेचं पॅनेल आणि पाण्याचे पंप सध्या नाल्याकडच्या तळघरात दाखवले आहेत. ते आजच वर आणा. ज्या रात्री पाणी येईल त्याच रात्री लिफ्ट, ऑक्सिजन यंत्र आणि सक्शन मशीन सगळ्यात जास्त लागतील.

भराव आणि काळी माती यांचा आणखी एक परिणाम आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जुनी इमारत बसलेली आहे, नवीन बसायची आहे, आणि मधला जोडरस्ता दोघींमध्ये अडकतो. पाया मुरूम किंवा खडकापर्यंत न्या, तळमजल्याची फरशी भरावावर न टाकता बीमवर टाका आणि जोडरस्त्याला स्वतःचे खांब द्या. दोन्ही इमारतींच्या सांध्यावर धातूची पट्टी येते. ती फरशीच्या पातळीत बसते की पंधरा मिमी वर येते, एवढ्यावर कुणाचा तरी खुबा अवलंबून असतो. त्या सांध्याचा मोठ्या मापाचा तपशील मागून घ्या, ‘साइटवर पाहू’ हे उत्तर चालणार नाही. जोडरस्त्याला वर छत आणि पश्चिमेच्या बाजूनं भिंत किंवा जाळी हवी, कारण आपल्याकडचा पाऊस आडवा तिकडूनच येतो. दोन्ही बाजूंना कठडे आणि दर दहा-बारा मीटरवर हातांचे दांडे असलेला बाक. हातांच्या दांड्यांशिवाय बसलेलं माणूस उठू शकत नाही.

जेवणघरातली माणसं जवळपास दुप्पट होणार आहेत. माझं मत असं की स्वयंपाकघर एकच ठेवा, पण नव्या इमारतीत छोटं जेवणघर करा. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण आपापल्या इमारतीत, दुपारचं सगळ्यांनी मिळून मोठ्या जेवणघरात. मोठ्या दालनात शंभर स्टीलची ताटं, फरशीवर घासत सरकणाऱ्या खुर्च्या आणि टणक छत यांमुळे इतका गलका होतो की श्रवणयंत्र लावलेली माणसं ते काढून ठेवतात आणि गप्प जेवतात. छताला आवाज शोषणारे फलक लावणं हा खर्च मला सजावटीच्या कुठल्याही खर्चापेक्षा गरजेचा वाटतो.

अंगणाबद्दल. जुन्या इमारतीच्या अंगणात सकाळी सगळे उन्हाला बसतात असं तुम्ही लिहिलं आहे, आणि नवी इमारत त्या अंगणाच्या आग्नेयेला आहे. हिशोब करून पाहा. 21 डिसेंबरला नाशिकमध्ये सकाळी नऊला सूर्य इतका खाली असतो की सावली इमारतीच्या उंचीच्या अडीचपट पडते, आणि ती वायव्येकडे पडते. 14 मीटर उंचीची सावली 35 मीटर. म्हणजे संपूर्ण अंगण, ज्या महिन्यात ऊन सगळ्यात हवंसं असतं त्याच महिन्यात, सावलीत. दुपारी ती सावली उंचीइतकीच उरते, पण तोवर मंडळी आत गेलेली असतात. या तारखेचा नऊ, दहा आणि अकरा वाजताचा सावलीचा नकाशा आर्किटेक्टकडून मागवा. एक पर्याय असा: अंगणाकडचा भाग दोनच मजल्यांचा ठेवायचा आणि वरच्या खोल्या नाल्याकडच्या टोकाला सरकवायच्या. जुन्या माणसांना विस्ताराबद्दल काय वाटतं हे नव्या खोल्यांवर ठरत नाही. त्यांचं ऊन राहिलं की गेलं, यावर ठरतं.

तिसरं अंतर मावशींचं. रात्री प्रत्येक मजल्यावर माणूस ठेवणं बहुतेक संस्थांना झेपत नाही. तुमच्या नकाशात सिस्टरची खोली पॅसेजच्या एका टोकाला, लिफ्टशेजारी आहे आणि दुसऱ्या टोकाची खोली 45 मीटरवर. ती मध्यावर आणली की सगळ्यात लांबचं दार साडेबावीस मीटरवर येतं. एवढा एक बदल, एक पैसाही जास्त न लागता. बाथरूममधली बेलची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबती ठेवा, पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंतच पोचतो. आणि काम करणाऱ्या बायकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, रात्री दोन तास आडवं होता येईल असे पलंग कुठेच दिसत नाहीत. सातपूर-पंचवटीहून येणाऱ्या या बायकांची पाळी सिटीलिंकची शेवटची बस गेल्यावर संपली तर त्यांनी थांबायचं कुठे? चांगली माणसं टिकतात की सोडून जातात, हे पगाराइतकंच या खोलीवरही ठरतं.

चौथं अंतर, अँब्युलन्स ते खाट. शुश्रूषा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे, ‘शांतता मिळावी म्हणून’. इथे माझा ठाम विरोध आहे. जे बारा जण स्वतःहून उठू शकत नाहीत, त्यांनाच सगळ्यात वर ठेवणं आगीच्या दृष्टीनं धोक्याचं आहे. आगीत लिफ्ट वापरता येत नाही आणि रात्रीच्या दोन मावशी बारा माणसांना तीन मजले उचलून खाली आणू शकत नाहीत. राष्ट्रीय बांधकाम संहिता वृद्ध आणि अशक्तांच्या निवासांना संस्थात्मक इमारतींच्या गटात धरते. राहत्या इमारतीपेक्षा तिथले निकष कडक आहेत. विभाग तळमजल्याच्या अर्ध्या भागात आणा, त्याला स्वतंत्र दार द्या आणि त्या दारासमोर छताखाली अँब्युलन्स उभी राहील एवढी जागा सोडा. विभागाचे आगरोधक दारानं दोन भाग करा, म्हणजे एका भागात धूर झाला तर खाटा ढकलत त्याच मजल्यावर दुसऱ्या भागात नेता येतील. नकाशा पक्का करण्याआधी अग्निशमन विभागाशी एकदा बसा. जिन्यांची संख्या आणि रुंदी तिथे बदलली तर सगळ्या खोल्या हलतात. आणि महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानं दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या इमारतीचं ते नियमित आहे ना, हेही याच निमित्तानं पाहा.

आजारी माणसं रोज समोर दिसली तर बाकीचे खचतील, असा कार्यकारिणीत आक्षेप येईल. माझा अनुभव वेगळा आहे. वरच्या मजल्यावर नेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती निवासांत बसते. खालीच, बागेकडे खिडकी असलेल्या खोलीत असलेल्या मैत्रिणीला इतरजणी येता-जाता हाक मारतात, पेपर वाचून दाखवतात.

पाणी आणि सांडपाण्याचा हिशोब लवकर उरकतो. 40 खोल्यांत 55 माणसं धरली तर माणशी 135 लिटरनं सुमारे 7,400 लिटर, शुश्रूषेच्या 12 खाटांना 340 लिटरनं सुमारे 4,100. म्हणजे दिवसाला साडेअकरा हजार लिटरची भर. जुन्या सेप्टिक टँकवर ती टाकू नका.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. बँकेचं कर्ज काढणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36-अ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. आणि जुन्या खोल्या कधी रेरा नोंदणी करून विकल्या असतील, तर मंजूर आराखडा बदलायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. तसं नसलं तरी राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विचारायचं कसं, ते सांगते. नकाशा भिंतीवर लावून ‘काही सूचना?’ असं विचारलं तर सगळे ‘छान आहे’ म्हणतील. त्याऐवजी सभागृहातली खुर्च्या-टेबलं हलवा आणि जमिनीवर खडूनं नवी खोली खऱ्या मापात आखा. भिंती, दार, कमोड, कपाट. मग खरा पलंग, खरी चाकाची खुर्ची आणि वॉकर आणा. चार-पाच जणांना पलंगावरून उठून ‘बाथरूम’मध्ये जायला सांगा आणि एका मावशीला त्यांना धरून न्यायला सांगा. आर्किटेक्टनी बाजूला उभं राहून फक्त पाहायचं. एका निवासात हे केलं तेव्हा एका निवृत्त शिक्षिका बाई वॉकरसह पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला गेल्या आणि तिथेच अडकल्या. उजवा गुडघा बदललेला असल्यानं त्यांना त्याच बाजूनं उतरता येत होतं आणि तिथे जागाच नव्हती. त्यानंतर पलंगाच्या दोन्ही बाजूंना 900 मिमी सोडायचं ठरलं आणि त्यासाठी बाल्कनी अर्ध्या फुटानं कमी केली. हे कुठल्याही नकाशावरून कळलं नसतं. रात्रपाळीची मावशी, स्वयंपाकीण आणि झाडूपोछा करणारी बाई या तिघींना पुनरावलोकनाच्या बैठकीत नक्की बसवा. बोलण्याचा पहिला मान त्यांना द्या, नाहीतर मोठ्या लोकांपुढे त्या गप्प बसतात.

बांधकामाचा काळ हाही नकाशाइतकाच तपासायचा भाग आहे, कारण दोन वर्षं लोक तिथेच राहणार आहेत. मजुरांचं आणि ट्रकचं गेट वेगळं हवं, अँब्युलन्सची वाट एक दिवसही अडता कामा नये. दुपारी एक ते चार आवाजाची कामं बंद, हे कंत्राटातच लिहा. दम्याच्या माणसांच्या खोल्या बांधकामाकडे असतील तर त्यांना आधीच दुसऱ्या बाजूला हलवा. क्रमही उलटा करा. जोडरस्ता, स्वयंपाकघराची वाढ, सांडपाणी आणि वीज आधी, खोल्या नंतर. सिंहस्थ लक्षात ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये पर्वण्यांच्या दिवसांत गंगापूर रोड आणि त्र्यंबक रोडकडची वाहतूक वळवली जाईल, जड वाहनं अडतील, मजूर मिळणार नाहीत. त्या दोन महिन्यांत मोठा स्लॅब येणार नाही असं वेळापत्रक मागा.

अंदाजपत्रकात जुन्या इमारतीचं एकही कलम नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. नव्या खोल्यांत ग्रॅब बार, मॅट टाइल आणि रुंद दारं येतील आणि 91 वर्षांच्या आजी जुन्या 750 च्या दारातून जात राहतील. ज्यांच्या भरवशावर ही संस्था उभी राहिली, तीच माणसं मागे पडतील. जुन्या 54 बाथरूमची दुरुस्ती याच अंदाजपत्रकात, याच कंत्राटात घाला. पैसे कमी पडत असतील तर दर्शनी भागातली दुमजली लॉबी आणि दगडी कमान कापा. दोन्हींत कुणी राहत नाही.

राहिला लिफ्टचा प्रश्न. दोन लागतील. एक स्ट्रेचरची, आतून किमान दोन मीटर खोल आणि 900 मिमी मोकळ्या दाराची, दुसरी साधी. एकच ठेवली तर महिन्याच्या देखभालीच्या दिवशी, सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत, वरचे तीन मजले अडकून पडतात. डायलिसिसची तारीख चुकते, आणि कुणी गेलं तर त्या माणसाला जिन्यावरून वाकडंतिकडं करत खाली आणावं लागतं. दोन्ही लिफ्ट जनरेटरवर घ्या, वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणारी यंत्रणा दोन्हींना बसवा, आत बसायला दुमडतं आसन आणि तिन्ही बाजूंना कठडा द्या. दार मिटण्याचा वेळ वाढवून घ्यायचं कंत्राटात लिहा. कारखान्यातून येतो तो वेळ वॉकरवाल्याला पुरत नाही. आजच दोन्ही लिफ्टचे पैसे नसतील तर दुसरीचा शाफ्ट आणि खालचा खड्डा आताच बांधून घ्या आणि यंत्र पुढच्या वर्षी बसवा. शाफ्ट नंतर बांधता येत नाही.